घरच्या मशीनवर एस्प्रेसो काढतो. फेस भरपूर येतो, पण चव आंबट आणि पाणचट. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मशीन १५ बारचं आहे (बार म्हणजे दाबाचं माप), पूड कॉफीवाल्याकडून दळून आणता, आणि वर बोटभर फेस असूनही खाली आंबट पाणी. मशीन बिचारं ठीक असणार. तुमचं दळण चुकतंय.

मी पुण्यात कोथरूडला राहते, आणि तीन वर्षांपूर्वी याच खड्ड्यात पडले होते. दुकानदाराने खोक्यावरच्या '२० बार' या आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, कॅफेतल्यापेक्षा डबल पॉवर." मी खूश. नंतर कळलं की एस्प्रेसोला साधारण ९ बार पुरतात; खोक्यावरचा आकडा म्हणजे पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो एवढंच. आणि तो जोर कपात उतरायचा तर पाण्याला कुणीतरी अडवायला हवं. ते काम पुडीचं. पूड जाड असेल तर पाणी तिच्यातून धावत सुटतं, दाब तयारच होत नाही, आणि कपात येतं ते कॉफीचं धुवण.

मग फेस कुठून येतो? बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीची वाटी, काढून उलटं करा. आत जाळी आणि बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक दिसलं तर ते दुहेरी तळाचं बास्केट. कॉफी त्या भोकातून पिचकारीसारखी बाहेर पडते आणि हवेने फेसाळते. पूड कशीही असली तरी गिऱ्हाइकाला फेस दिसावा म्हणून ही सोय. खरा क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेसाचा थर, बीन्समधल्या कार्बन डायऑक्साइड आणि तेलांमुळे येतो. १९४० च्या दशकाच्या शेवटी मिलानच्या अकिले गाज्जियाने स्प्रिंगच्या दांड्याचं मशीन आणलं, तेव्हा एवढ्या दाबाने कॉफी निघून तिच्यावर हा थर यायला लागला. त्याआधीची मशीनं वाफेच्या जोरावर चालायची, त्यांच्या कॉफीवर तो नसे. एकेरी तळाचं, खाली सगळीकडे भोकं असलेलं बास्केट वेगळं मिळतं. मशीनच्या मापाचं बघून घ्या, ५१, ५४ किंवा ५८ मिमी.

आता पूड. आपल्याकडे कॉफीवाल्याकडून आणलेली पूड बहुधा फिल्टर कॉफीची असते, आणि तिच्यात चिकोरी असण्याची शक्यता मोठी. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हेच, एका झाडाची भाजलेली मुळं. फिल्टरच्या डिकॉक्शनला ती अंग देते, दुधात छान लागते. वैशाली हॉटेलात बसून मीही ती आनंदाने पिते. पण एस्प्रेसोसाठी नको. शिवाय ती पूड फिल्टरच्या हिशेबाने दळलेली, आणि दळून किती दिवस झाले देव जाणे. दळलेल्या कॉफीचा वास तासाभरातच उतरायला लागतो.

म्हणून आख्खे बीन्स घ्या. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेलेच. भाजल्यापासून आठ-दहा दिवसांनी उघडा आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत संपवा. अगदी ताजे वापरले तर आतल्या वायूमुळे शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) फसफसतो, कधी उगाच आंबटही लागतो. चिकमगळूर-कूर्गचे मध्यम ते थोडे गडद भाजलेले बीन्स घरच्या मशीनला सोसतात. फिकट भाजलेले सुरुवातीला घेऊ नका. त्यांच्यातून गोडवा काढायला लागणारी बारीक दळाई आणि गरम पाणी दोन्ही तुमच्याकडे सध्या नाही.

ग्राइंडरला पर्याय नाही. मी दीड महिना मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळून पाहिलं. अर्धा भुगा आणि अर्धी भरड निघते. भुग्यातून कडू उतरतं, भरडीतून आंबट, आणि एकाच कपात दोन्ही. दोन दातेरी चाकांमध्ये दळणारा, म्हणजे बर ग्राइंडर लागतो. हाताने फिरवायचा चालेल, माझा तोच आहे. फक्त तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का आणि त्याच्या टिका (दळण बारीक-जाड करायचे टप्पे) जवळजवळ आहेत का, हे विचारून घ्या. सकाळी मी गॅलरीत उभी राहून घरघर करत असते, तेव्हा सासूबाईंचं ठरलेलं वाक्य येतं, "एवढ्या वेळात चार कप चहा झाला असता." खरंच झाला असता.

किती बारीक? बारीक मीठ आणि तांदळाची पिठी यांच्या मधलं. चिमटीत दाबलं तर पूड क्षणभर गोळा धरते आणि मग विस्कटते. पण बोटांवर फार विसंबू नका, खरं उत्तर काटा आणि घड्याळ देतात. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. मी बोहरी आळीतून आणला.

नव्या पाकिटाची माझी परवाची सकाळ सांगते. १८ ग्रॅम पूड आत, ३६ ग्रॅम कॉफी कपात, हे दोन आकडे मी हलवत नाही. पहिला शॉट १४ सेकंदांत ३६ ग्रॅमला पोचला. फिकट, धबधबा, चिंचेच्या पाण्यासारखा आंबट. ग्राइंडर तीन टिका बारीक केला, २१ सेकंद. बरा, पण जिभेच्या कडा अजून आक्रसत होत्या. आणखी दोन टिका. या वेळी बटण दाबल्यावर सात-आठ सेकंद काहीच नाही. मग काकवीच्या रंगाचे दोन थेंब, आणि त्यांची धार झाली ती एकतारी पाकासारखी, बारीक, सावकाश, मध्ये न तुटणारी. २८ व्या सेकंदाला ३६ ग्रॅम. गोड. म्हणजे साखरेसारखा गोड नव्हे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटात गूळ मिसळल्यावर येतो तसा. तीन शॉट, ५४ ग्रॅम पूड आणि धडधडतं काळीज, एवढा त्या सकाळचा खर्च. (आता पहिले दोन नुसते चाखून सिंकमध्ये ओतायचं ठरवलंय.)

एका वेळी फक्त दळण बदला. आंबट म्हणून बारीक केलं, वर पूडही वाढवली आणि दाबलंही जोरात, तर सुधारणा कशाने झाली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कडू, घसा कोरडा करणारं लागलं तर उलट दिशेने, जाड.

आंबट आणि कडू यांतला फरक जिभेला कळत नसेल तर एकदा हे करा. नैवेद्याच्या तीन छोट्या वाट्या घ्या आणि एकाच शॉटची धार दर दहा सेकंदांनी पुढच्या वाटीत धरा. पहिलीत दाट, झोंबणारं आंबट येतं. दुसरीत गोडसर. तिसरीत पातळ आणि कडवट. कॉफीतून चवी याच क्रमाने सुटतात. तुमचा सध्याचा कप म्हणजे पहिली वाटी आणि वर बरंचसं पाणी. मला दोन महिने वाचून जे कळलं नव्हतं ते या तीन वाट्यांनी पाच मिनिटांत कळलं.

पूड बास्केटमध्ये भरताना गुठळ्या मोडा. मी बुचात चार बारीक सुया खोचून घेतल्यात, त्याने तळापासून हलकं ढवळते. गुठळी राहिली की पाणी तिला वळसा घालून मोकळ्या वाटेने पळतं. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) असेल तर भिंतीवर रंगपंचमी होते, स्वानुभव. पूड दाबायचा टॅम्पर सपाट दाबा, पूड आणखी बसत नाही इतपत. त्यात कुस्ती नको, पण तिरकं मात्र अजिबात नको. आणि शॉटच्या आधी रिकामा पोर्टाफिल्टर लावून गरम पाणी एकदा कपात सोडा. छोट्या मशीनचं तोंड थंड असतं, आणि थंड पाण्यानेही आंबटच येतं.

पाण्याचंही बघा. तुमच्याकडे खडकवासल्याचं नळाचं पाणी येत असेल तर साधा फिल्टर पुरे. बोअर किंवा टँकरचं असेल तर क्षार मशीनमध्ये साठतील आणि चव बोथट होईल. निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात कॉफीला धरून ठेवायला काही उरत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १५० च्या आसपास असेल असं आरओ आणि साधं मिसळून घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी नळ बंद असेल तर शुक्रवारी सकाळी येणारं पहिलं पाणी मी मशीनमध्ये घालत नाही; ते गढूळ असतं.

एकदा सापडलेली टिक कायमची नसते. पाकीट जुनं होत गेलं की वायू कमी होतो, शॉट पळायला लागतो, मग एखादी टिक बारीक. पावसाळ्यात माझा शॉट उलट अडखळतो, म्हणून जून लागला की एक टिक जाड.

ग्राइंडर येईपर्यंत दुहेरी तळाचं बास्केटच वापरा. जाडसर पुडीवर एकेरी तळाचं लावलंत तर आणखी पाणचट येईल. सध्या बास्केटचा आतला व्यास मोजून मशीनच्या मॉडेलसकट इथे लिहा, कुठलं बसेल ते सांगते.