जावातले मुसलमान 'नावापुरतेच' मुसलमान आहेत का?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे मुसलमान महाभारताचे खेळ बघतात, समुद्राला नैवेद्य वाहतात, मग ते धर्माने कच्चे म्हणायचे का, आणि तिथला मवाळपणा त्या कच्चेपणातूनच आलाय का. कामानिमित्त मी काही वर्षं जावातल्या योग्यकार्ता शहरात राहिलो आहे. माझं उत्तर दोन्हींना 'नाही' असंच आहे.

आधी ती व्हॉट्सॲपवरची नोट बाजूला ठेवू. गणपतीचं चित्र असलेली 20,000 रुपियांची नोट 1998 ची, ती चलनातून केव्हाच गेली. पण तिच्या जोरावर 'बघा, आतून ते हिंदूच' हे आपल्याकडे अजून फिरतंय. जावातल्या माणसाला हे ऐकवाल तर तो हसून विषय बदलेल, कारण तोंडावर 'नाही' म्हणणं तिथे असभ्य समजतात. तेवढ्यावरून त्याला ते पटलं असं समजू नका.

प्रत्यक्षात काय चालतं त्यासाठी 'स्लामेतान' बघायला हवा. घरात बारसं असो, मयताचा सातवा दिवस असो की नवं घर, गल्लीतले पुरुष संध्याकाळी चटयांवर मांडी घालून बसतात. मधोमध पिवळ्या भाताचा शंकू, 'तुम्पेंग', आणि शेजारी अख्खी शिजवलेली कोंबडी. यजमान, किंवा त्याच्या वतीने एखादा वयस्कर माणूस, अत्यंत अदबीच्या जावानी भाषेत निमित्त सांगतो. मग गावचा 'मोदिन', म्हणजे धर्मकार्यं बघणारा माणूस, अरबीत दुआ म्हणतो आणि सगळे 'आमिन, आमिन' करतात. जेवण म्हणाल तर चार घासांचं. उरलेलं डब्यात भरून घरोघर जातं आणि त्याला म्हणतात 'बर्कत'. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पोटभर जेवायच्या तयारीने गेलो होतो, तो भाग सोडा.

मयताचे दिवस मोजतात ते असे: तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा आणि शेवटी हजारावा. आपल्याला लगेच दहावं-तेरावं आठवतं, आणि मुळाशी जुने हिंदू-बौद्ध संस्कार असावेत असं मानणारे अभ्यासकही आहेत. पण त्या बैठकीत म्हटलं जातं ते कुराण आणि 'ला इलाहा इल्लल्लाह'चा जप. तो म्हणवून घेणारे बहुधा पाच वेळा नमाज पढणारे, मदरशात शिकलेले लोक असतात. माझा मुद्दा हाच आहे. 1950 च्या दशकात क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जावानी समाजाची 'आबांगान' म्हणजे रूढीप्रिय, 'सांत्री' म्हणजे कर्मठ आणि 'प्रियायी' म्हणजे दरबारी-उच्चभ्रू अशी विभागणी केली. ती इतकी गाजली की स्लामेतान म्हटलं की आबांगान, असं समीकरणच होऊन बसलं. पुढच्या अभ्यासकांनी ते बरंच खोडून काढलंय.

या रूढींच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली ती 'नहदलातुल उलामा', म्हणजे 1926 साली सुराबायात स्थापन झालेली मौलवींचीच संघटना. त्यांचा युक्तिवाद 'चालतंय, चालू दे' असा नाही. शरियतला बाध न आणणारी रूढी ग्राह्य धरावी, हे फिक्हचं, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचं, जुनं तत्त्व ते पुढे करतात, आणि दाखले अरबी ग्रंथांतून देतात. 2015 मध्ये जोम्बांगच्या अधिवेशनात त्यांनी 'इस्लाम नुसांतारा', म्हणजे या द्वीपसमूहाच्या मातीतला इस्लाम, हाच विषय घेतला होता. याउलट 1912 मध्ये योग्यकार्तातच जन्मलेल्या 'मुहम्मदिया'ला सातवा-चाळिसावा मान्य नाही, ती त्याला धर्मात घुसडलेली भर मानते. आमच्या गल्लीत एक मुहम्मदिया कुटुंब होतं. ते स्वतःकडे सातवा करत नसत, पण दुसऱ्याकडे असला की खुर्च्या लावायला त्यांचाच मुलगा पुढे. मला मवाळपणा दिसला तो असा. मतभेद मिटलेले नव्हते, खुर्च्या मात्र लागत होत्या.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान अगुंगने 1633 मध्ये जावाचं पंचांग बदललं. महिने हिजरी पद्धतीचे, चांद्र. पण वर्षाचा आकडा जुन्या शकाचाच पुढे नेला, 1555. हो, आपल्या पंचांगावर असतो तोच शालिवाहन शक. वर्ष निव्वळ चांद्र, म्हणजे थोडं लहान झाल्यामुळे आकडे पुढे सरकत गेले, म्हणून जुलै 2024 मध्ये आपल्याकडे शके 1946 होतं आणि जावात 1958 सुरू झालं. राजाने ठरवून केलेली ही तडजोड आजही तिथे कॅलेंडरवर छापली जाते.

कुदुस गावी जाल तर मशिदीचा लाल विटांचा मनोरा बघा, थेट देवळासारखा. हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखवू नका, गाय कापू नका, असं सुनान कुदुस या जावात इस्लाम रुजवणाऱ्या संताने सांगितल्याची परंपरा तिथे आहे. म्हणून 'सोतो कुदुस' म्हैशीच्या मांसाचं मिळतं.

आता दुसरी बाजू, कारण हे चित्र जरा जास्तच गोड झालं. 2018 मध्ये योग्यकार्ताजवळच्या बांतुलच्या किनाऱ्यावर समुद्राला नैवेद्य द्यायच्या समारंभाची तयारी एका टोळक्याने उधळून लावली. 2022 च्या जानेवारीत सेमेरू ज्वालामुखीजवळ ठेवलेला नैवेद्य एकाने लाथाडला आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याला अटक झाली. सरकार 'धार्मिक मध्यममार्ग' नावाचा कार्यक्रम राबवतं, त्यासाठी 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेशही निघाला. त्याच्या चार कसोट्यांपैकी एक आहे स्थानिक संस्कृतीला सामावून घेणं. पण मवाळपणा सरकारी कार्यक्रम झाला की मला थोडी शंका येते.

कारण सामावून घेतलं जातं ते मुख्यतः मुसलमान म्हणवणाऱ्याच्या रूढीला. जे फक्त जावानी श्रद्धा पाळतात, स्वतःला कोणत्याच मान्यताप्राप्त धर्माचे म्हणवत नाहीत, त्यांचं काय? 1965-66 च्या कम्युनिस्टांच्या कत्तलींनंतर धर्म नसणं म्हणजे कम्युनिस्ट असणं असा संशय घेतला जाई, त्या भीतीने पुष्कळांनी मिळेल तो धर्म लावून घेतला. पुढे ओळखपत्रावर धर्माचा रकाना रिकामा ठेवायची मुभा मिळाली, पण रिकाम्या रकान्याने नोकरीला आणि लग्नाच्या नोंदणीला अडचणी यायच्या. नोव्हेंबर 2017 मध्ये इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे त्यांची श्रद्धा कार्डावर लिहिली जाऊ लागली. मध्यममार्गाचा कार्यक्रम धर्म मंत्रालयाचा आहे. या मंडळींचा कारभार मात्र आजही संस्कृती खात्याकडे.