सिल्कीची मान वाकडी झाली म्हणून दुकानातली पावडर पाजू नका

परसात सिल्की, म्हणजे रेशमी पिसांची कोंबडी, पाळणाऱ्यांचे प्रश्न सोलापूर जिल्ह्याच्या सगळ्या बाजूंनी येत आहेत. त्यातले नेहमीचे निवडून उत्तरं देत आहे. दाणा-पाणी, खुराडं, साफसफाई तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मोहोळ तालुका: “दीड महिन्याची सिल्की पिल्लं आहेत. रक्ती हगवण लागली म्हणून दुकानदाराने अ‍ॅम्प्रोलियमची पावडर आणि सोबत बी-कॉम्प्लेक्स दिलं. ‘दोन टोपणं टाका, रोग जोरात आहे’ म्हणाला. हगवण थांबली, पण आता तीन पिल्लांच्या माना मागे वळल्या आहेत. तरी ती खातात, टवटवीत आहेत. तो म्हणतो मानमोडी आहे, सगळ्यांना लस टोचा.”

लस टोचू नका. पावडर आजच बंद करा.

अ‍ॅम्प्रोलियम रक्ती हगवणीवर चांगलं औषध आहे, पण ते काम करतं थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून. हगवणीच्या जंतूला बी-1 मिळत नाही आणि तो मरतो. मात्रा वाढली किंवा दिवस लांबले की तुमच्या पिल्लालाही बी-1 मिळेनासं होतं. मग मान मागे वळते, डोकं आभाळाकडे जातं, पिल्लू उलटं चालतं आणि पडतं. दुकानदाराने हे औषध आणि बी-कॉम्प्लेक्स एकाच पाण्यात द्यायला सांगितलं, ते तर दुहेरी चुकीचं. बी-कॉम्प्लेक्समधलं बी-1 औषधाचा जोर मारतं, हगवण लवकर थांबत नाही, मग मात्रा आणखी वाढवायला सांगतात.

मात्रा लिहून ठेवा. 20 टक्क्यांची पावडर असेल तर 1 लिटर पाण्याला 1.2 ग्रॅम, 5 दिवस. पुढे 1 लिटरला 0.3 ग्रॅम, 7 दिवस. संपलं. 5 लिटरच्या भांड्याला पहिल्या टप्प्यात 6 ग्रॅम आणि दुसऱ्यात दीड ग्रॅम. टोपण हे माप नव्हे, चिमूट हे माप नव्हे. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. पुडीवर टक्के वेगळे असतील तर हे आकडे लागू नाहीत, आधी विचारा.

आपल्याकडचा उन्हाळा इथे घात करतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 च्या घरात गेला की पक्षी एरवीच्या दुप्पट पाणी पितो. पाण्यातलं औषधही दुप्पट पोटात जातं. म्हणजे उन्हाळ्यात “जरा जास्त टाका” हा सल्ला नेमका उलटा आहे. औषधाचं पाणी सकाळी गार वेळेत, पक्षी दोन-तीन तासांत संपवतील एवढंच करा. त्याची मात्रा पशुवैद्यकाकडून दिवसभराच्या पिण्यावर बसवून घ्या. दुपारी साधं पाणी.

आता मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं. राणीखेतमध्ये आधी पक्षी गळपटतो, हिरवट पातळ हगतो, घशातून घरघर येते, भराभर मरतुक होते आणि वाचलेल्यांच्या माना वाकड्या होतात. तुमची पिल्लं खात आहेत, टवटवीत आहेत, हगवण रक्ती होती, हिरवी नव्हती, म्हणून ही मानमोडी दिसत नाही. राणीखेतचा संशय असला तरी आजारी पिल्लांना आर-टू-बी (राणीखेतची लस) टोचणं म्हणजे मरतुक ओढवून घेणं. ही लस निरोगी, 8 आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यालाच द्यायची. हिरवी हगवण किंवा एकदम मरतुक दिसली तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका.

वाकड्या मानेची पिल्लं वेगळ्या डालग्यात ठेवा, खाली खरखरीत गोणपाट घाला म्हणजे पाय घसरणार नाहीत. खाद्य भिजवून लापशीसारखं करा आणि दिवसातून चार-पाच वेळा चोचीशी धरून भरवा. पाणी चोचीच्या कडेला थेंब-थेंब, घशात पिचकारी मारू नका, फुप्फुसात जातं. बी-1 आणि ई जीवनसत्त्वाची मात्रा पिल्लाचं वजन करून दवाखान्यातून घ्या. सेलेनियमची बाटली स्वतःहून पाजू नका, गरज आणि विष यांत तिथे फार थोडं अंतर असतं. औषधाने झालेली मान लवकर सुधारू लागते. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर कारण दुसरं आहे.

दुसरं कारण सिल्कीत बऱ्याचदा डोक्याला लागलेली चोच असते. पुष्कळ सिल्कींच्या टाळूचं हाड उंचवटलेलं असतं आणि मध्ये पूर्ण भरलेलं नसतं. गावरान कोंबड्याने तिथे एक टोचा मारला की मेंदूला सूज येते. म्हणून सिल्की आणि गावरान नर एका खुराड्यात नकोत. एक पाय पुढे, एक मागे असा पक्षी पडला तर तो मॅरेक्स (विषाणूचा, पाय लुळे पाडणारा रोग) असण्याची शक्यता मोठी. सिल्की त्याला लवकर बळी पडते आणि त्यावर औषध नाही.

एक पक्कं लक्षात ठेवा: विष्ठा तपासल्याशिवाय रक्ती हगवणीची पावडर नाही. ताज्या विष्ठेच्या दोन चिमटी स्वच्छ डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आणि हगवणीचं मूळ पाण्याच्या भांड्याभोवती भिजलेल्या तुसात असतं. भांडं विटेवर उचला, ओला थर रोज काढा, कोरडी शेंगांची टरफलं टाका. निम्मी हगवण तिथेच थांबते.

कोलिस्टिनबद्दल एक ओळ: अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि पक्ष्यांना ते द्यायला 2019 पासून देशात बंदी आहे. जुनी पुडी कोणी देऊ लागला तर घेऊ नका.

बार्शी: “सिल्की कोंबडीवर घरचा गावरान नर सोडला. सगळी पिल्लं साध्या पिसांची निघाली. विकणाऱ्याने फसवलं का?”

नाही. रेशमी पीस हा दबणारा गुण आहे, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. गावरान नराची पहिली पिढी साध्या पिसांचीच निघणार. त्या पिढीचे नर-मादी एकमेकांत लावले तर साधारण चारात एक रेशमी पिसांचं. पाच बोटं मात्र बहुधा पहिल्याच पिढीत उतरतात, कातडीचा काळेपणा कमी-जास्त होतो. म्हणून विकत घेताना एक खूण पाहून भागत नाही. प्रत्येक पायाला पाच बोटं, नडगीवर पिसं, काळी कातडी, डोक्यावर गोंडा आणि कापसासारखं पीस, हे सगळं एकत्र हवं. चार बोटांची “सिल्की” म्हणजे मिसळ. कडकनाथ काळा असतो, पण त्याला चार बोटं आणि साधी पिसं असतात. काळं मांस दिसलं की दोन्ही एकच समजू नका.

नर-मादी चार महिन्यांच्या आत नीट ओळखू येत नाहीत. “महिन्याच्या माद्या” म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका.

सांगोला: “एक नर, दहा माद्या. अंडी आहेत, पण निम्मी पोकळ निघतात. दुकानदार टॉनिक देतो.”

टॉनिक नको, कात्री घ्या. सिल्कीच्या बुडाभोवती पिसांचा इतका गुच्छ असतो की नराचा संबंध नीट होत नाही. नर-मादी दोघांच्या गुदद्वाराभोवतीची पिसं बोटभर रुंदीत कापा, उपटू नका. डोळ्यांवर येणारा गोंडाही कापा, आंधळा नर माद्यांपर्यंत पोचतच नाही. एका नराला 5-6 माद्या पुरे. कापल्यानंतर दोन आठवड्यांनी अंडी रवणासाठी, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, धरा. आणि मे महिन्यात पोकळ अंड्यांची तक्रार करू नका, त्या उष्णतेत नराचं बीज कमजोरच असतं.

मंगळवेढा: “मार्चअखेर कोंबडी खुडूक झाली. आता रवणाला बसवू का? दुकानदार म्हणतो अंडी उबवायचं मशीन घ्या.”

आता नको. रवणाचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा मध्य. मार्च-एप्रिलमध्ये घरातल्या टोपलीतच अंडं 30 अंशांच्या वर असतं, आतला जीव अर्धवट वाढतो आणि रवण लागण्याआधीच मरतो. खुडूक मोडायची तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात 3-4 दिवस सावलीत ठेवा, दाणा-पाणी चालू. नाकातून पीस घालणं, पाण्यात बुडवणं हे प्रकार बंद करा. सिल्कीच्या पिसाला पाणी निथळण्याची सोय नाही, ती चिंब होते आणि गारठते.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: परसातल्या माणसाने मशीन घेऊ नये. वीज जाते, आपली हवा कोरडी, शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता 65-70 टक्के राखता आली नाही की पिल्लू कवचातच चिकटतं. सिल्की स्वतःच मशीन आहे. ती दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, वर्षाला साधारण शंभर अंडी देते, म्हणून अंड्यांच्या धंद्यासाठी ती नाहीच. तिचा खरा उपयोग रवणाला. स्वतःची 8-9 किंवा गावरान, कडकनाथची 6-7 अंडी तिच्याखाली ठेवा. अंडी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, टोकदार बाजू खाली करून गार जागी जमवलेली. सातव्या आणि चौदाव्या रात्री बॅटरीवर पाहून पोकळ काढा. कोंबडीला रोज पंधरा मिनिटं उठवून दाणा-पाणी द्या, नाहीतर ती बसूनच वाळते. पिल्लं 21 व्या दिवशी.

आणि माझा आग्रह आहे तो हा: वस्तीवरच्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी रवण बसवा. लसीची कुपी शेकडो डोसांची असते. एकट्याच्या आठ पिल्लांसाठी कोणी ती फोडत नाही, मग दुकानात उरलेली, गरम झालेली लस तुमच्या गळ्यात मारली जाते. एका दिवशी पिल्लं निघाली तर सगळ्यांना वेळेवर लस मिळते. मॅरेक्स पहिल्या दिवशी, मानेच्या कातडीखाली. तीन महिन्यांच्या पक्ष्याला ती टोचून देणारा तुमचे पैसे घेतो, बाकी काही नाही. लासोटा (हीही राणीखेतची लस) 5-7 व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, 28 व्या दिवशी पुन्हा. देवीची लस सहाव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात. आर-टू-बी 8 आठवड्यांनंतर, अर्धा मिली, देवीपासून दोन आठवडे सोडून. लस बर्फाच्या डब्यातून आलेली नसेल तर परत पाठवा.

अक्कलकोट: “उवा-पिसवा झाल्या. शेतातलं कीडनाशक पाण्यात कालवून बुडवायला सांगितलंय.”

अजिबात नको. शेतातलं औषध पक्ष्यावर नाहीच, आणि सिल्कीला बुडवणं तर नाहीच. परातीत चाळलेली राख आणि बारीक वाळू समभाग ठेवा, ती स्वतः अंघोळ करते. खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवा. पायाची खवली उचलली असतील तर पिसांखालून खोबरेल तेल आठवड्यातून दोनदा चोळा.

योजना: राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के, कमाल 25 लाख अनुदान आहे, पण ते हजार पक्ष्यांच्या मोठ्या युनिटला. परसातल्या दहा-वीस सिल्कींना नाही. बाकी पंचायत समितीत विचारा. सिल्कीची पिल्लं देऊन “परत विकत घेऊ” असा करार कोणी आणला तर सही करू नका. 2019 मध्ये कडकनाथच्या अशाच करारांत सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी अडकले, पैसे देणारे पसार झाले. सिल्कीच्या मांसाने अमुक आजार बरा होतो असं सांगून भाव वाढवणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.