पुस्तक मिटल्यावर करायचं काय?

प्रश्न : वर्षभरात स्वयंविकासाची दहा-बारा पुस्तकं वाचली. आवडलेल्या ओळींखाली रेघा मारते, चार दिवस उत्साह असतो, मग पुन्हा पहिल्यासारखंच. पुस्तकं चुकतायत की माझी चिकाटी कमी पडते?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. रेघा मारल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो आपल्याला कळला, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र उतारा न बघता आठवून लिहिलेले पुढे निघाले. म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते तीन-चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. अडलात तर तेवढाच भाग पुन्हा वाचा.

मग स्वतःला विचारा, यामुळे येत्या आठवड्यात मी नेमकी कोणती गोष्ट वेगळी करणार? उत्तर ‘कुठलीच नाही’ असं आलं तर खुशाल पुढे जा. प्रत्येक प्रकरणातून काही मिळालंच पाहिजे असं नाही. यातल्या बऱ्याच पुस्तकांचा ऐवज दोन प्रकरणांत संपतो. काही सापडलं तर ते ‘जेव्हा–तेव्हा’च्या वाक्यात बांधा : ‘घरी येऊन चप्पल काढली की फोन कपाटावर ठेवीन आणि मुलीजवळ पंधरा मिनिटं बसेन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या निश्चयापेक्षा ती जास्त चालते, कारण कृती कधी सुरू करायची हे आधीच ठरलेलं असतं.

वाक्य फसतं ते बहुतेक ‘जेव्हा’पाशी. ‘वेळ मिळेल तेव्हा’ हा काही क्षण नव्हे. ‘चिडणार नाही’ हेही अपुरं, कारण न चिडता करायचं काय, ते त्यात नाही. एका वेळी एकच वाक्य घ्या आणि ते दोन आठवडे वापरून बघेपर्यंत पुढचं पुस्तक उघडू नका. ही अट जाचक वाटेल, पण नवं पुस्तक उघडणं ही पळवाटही असू शकते.

प्रश्न : ‘आपल्या मूल्यांनुसार जगा’ असं सगळीकडे वाचतो. पण आपली मूल्यं ओळखायची कशी?

उत्तर : यादीतून निवडायला बसलात तर प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य हेच येईल, सगळ्यांचं तेच येतं. त्यापेक्षा आधी सात दिवस वेळेची नोंद ठेवा. आठवड्यात अर्ध्या तासाचे ३३६ खण असतात. आठ तासांची झोप वजा केली तर २२४ उरतात. प्रत्येक खणात काय केलं ते दोन-तीन शब्दांत लिहा, दर दोन-तीन तासांनी. रात्री एकदम लिहाल तर फोनवर गेलेले तुकडे हमखास गळतील. नोंदीसाठी म्हणून आठवडा सुधारू नका. रोजचाच चालू द्या.

आठव्या दिवशी नोकरी, प्रवास, घरकाम यांचे खण बाजूला ठेवा. त्यांच्याबद्दल अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. जे खरोखर तुमच्या हातात होते, त्यांवरच खुणा करा : महत्त्वाच्या गोष्टीकडे नेणारा, दूर नेणारा किंवा दोन्ही नाही.

‘महत्त्वाची गोष्ट’ उसनी तर नाही, हे तपासायला एक प्रश्न आहे : हे मी केलं हे कुणालाच कधी कळणार नसतं, तरी केलं असतं का? आणखी एक घोळ नेहमी होतो. मॅरेथॉन पूर्ण करणं हे उद्दिष्ट, ते गाठलं की संपतं. शरीराची काळजी घेणं हे मूल्य, ते आजच्या अर्ध्या तासातही पाळता येतं.

प्रश्न : रोज रात्री डायरी लिहिते, पण लिहून झाल्यावर मन आणखी जड होतं.

उत्तर : क्लेशदायक अनुभवावर लिहिल्यानंतर लगेच उदास वाटणं अपेक्षितच आहे. अशा लेखनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६ च्या मूळ प्रयोगातही ते दिसलं. पण तिथे लेखन रोज पंधरा मिनिटं आणि फक्त चार दिवस होतं! महिनोन्‌महिने तीच जखम उकरायला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या पाच नोंदी वाचून बघा. तेच वाक्य फिरून फिरून येत असेल तर ते चिंतन नव्हे, चघळणं आहे. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ याऐवजी ‘नेमकं काय घडलं, मला काय हवं होतं, उद्या काय करता येईल?’ हे लिहा. स्वतःचं नाव घेऊन, तृतीयपुरुषी लिहिल्यानेही थोडं अंतर पडतं. गजर लावा, वाजला की वही बंद. अगदी झोपण्यापूर्वी लिहू नका. दोन आठवडे उदासी, झोप किंवा भुकेची तक्रार राहिली तर मात्र डायरीवर विसंबू नका. समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : सवय २१ दिवसांत लागते, हे खरं का?

उत्तर : नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहराही. लंडनमधल्या ९६ जणांवरच्या अभ्यासात (२०१०) सरासरी ६६ दिवस आले, आणि व्यक्ती व सवयीनुसार १८ ते २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता, तेव्हा खाडा झाला म्हणून पहिल्यापासून मोजायला बसू नका.