भीड दाराबाहेर ठेव

स्टुटगार्ट

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बाड कानश्टाटमधलं घर तुला मिळालं, हे परवा फोनवर ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी तशीच विसरले. तीन महिने रुग्णालयाच्या वसतिगृहात काढायचे, रात्रपाळी करून दिवसा घरं बघत हिंडायचं, हे सोपं नव्हतं. तू भराभर विचारलंस, मी भराभर सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून हे लांबलचक पत्र. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तुझ्यासारख्या मुलामुलींचे फोन मला वारंवार येतात. भाषेची तयारी सगळे करून येतात, कामाचीही करतात. घरात पाऊल ठेवण्याची तयारी मात्र कुणी करून घेत नाही.

मुख्य गोष्ट ही, की किल्ल्या घ्यायच्या दिवशी भीड बाळगू नकोस.

माझं इथलं पहिलं घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. घरमालक सत्तरीचे, कोट घालून आलेले, अतिशय सभ्य. त्यांनी सगळ्या खोल्या दाखवल्या, आम्ही दोघं मान डोलवत मागे मागे फिरलो. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली लाकडी जमिनीवर हातभर लांब ओरखडा होता. मला तो दिसला. तो कागदावर लिहा म्हणायला जीभ रेटेना. वडीलधारा माणूस, पहिल्याच दिवशी खोड कशी काढायची? सही केली, किल्ल्या घेतल्या. साडेतीन वर्षांनी घर सोडताना त्याच ओरखड्याचे ६४० यूरो अनामतीतून कापले गेले. मी सांगून पाहिलं की तो आधीपासून होता. त्यांनी शांतपणे माझीच सही असलेला कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, जमीन निर्दोष. भीड भिकेची बहीण, हे आजी म्हणायची ते मला त्या दिवशी पटलं.

त्या कागदाला इथे यूबरगाबेप्रोटोकॉल म्हणतात, म्हणजे घर ताब्यात घेतल्याची नोंद. त्यावर तासभर घालव. दिवसाउजेडी वेळ माग, कारण आत दिवे नसतील. तुझा करार १ नोव्हेंबरपासून आहे आणि त्या दिवशी इथल्या राज्यात सणाची सुट्टी असते, त्यामुळे मालक बहुधा ३१ तारखेला बोलावतील. दुपारी दोनच्या आतली वेळ घे, पाचनंतर अंधारच पडतो. प्रत्येक खिडकी उघडून, तिरकी करून, पुन्हा बंद करून बघ. शटरचा पट्टा ओढून खाली-वर कर. गरम पाण्याचा नळ सोड आणि गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघ. सिंकखालचं कपाट उघडून पाइपाला हात लाव, ओल आहे का बघ. बाथटबचा उडालेला टवका, फरशीची चीर, दारामागचं खिळ्याचं भोक, सगळं नोंदवून घे. आणि कोपरे बघ, विशेषतः बाहेरच्या भिंतीचे आणि खिडकीच्या कडेचे. तिथे राखाडी-काळे ठिपके असतील किंवा ताज्या रंगाचा एकच चौकोन वेगळा दिसत असेल, तर सरळ विचार की इथे बुरशी होती का.

विजेच्या, पाण्याच्या आणि हीटरच्या मीटरवरचे आकडे त्याच कागदावर लिहायचे आणि मीटरचा क्रमांक दिसेल असा फोटोही काढायचा. किती किल्ल्या मिळाल्या तेही लिहायचं: घराच्या दोन, पत्रपेटीची एक, तळघराची एक, जशा असतील तशा. दोघांच्या सह्या झाल्या की एक प्रत तुझ्याकडे राहिली पाहिजे. "नंतर पाठवतो" म्हणाले तर तिथेच फोनवर फोटो काढ. इथे नोंदी मागणारा भाडेकरू भांडखोर समजला जात नाही, उलट नीटनेटका समजला जातो. मला हे कळायला साडेतीन वर्षं आणि ६४० यूरो लागले. राहायला गेल्यावर काही नवं दिसलं, तर त्याच आठवड्यात मालकांना फोटोसह लेखी कळव. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता घराबद्दल. जाहिरातीत दोन त्सिमर, म्हणजे दोन खोल्या, लिहिलंय ते आपलं वन बीएचके. इथे बैठकीची खोलीही मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. तू स्वयंपाकघर बघितलंस तेव्हा ओटा आणि शेगडी होती म्हणालीस. ती मालकांची आहेत की आधीच्या भाडेकरूची, हे आजच विचार. इथे जाणारा माणूस ओटा, सिंक, शेगडीसकट स्वयंपाकघर उपटून घेऊन जाऊ शकतो, आणि मग तुला भिंतीतून निघालेले दोन नळ तेवढे मिळतात. ठेवून जायचं असेल तर तो त्याचे पैसे मागतो. तसं असेल तर काय काय ठेवतोय त्याची यादी आणि रक्कम लेखी घे, आणि पैसे देण्याआधी शेगडीची चारही तोंडं पेटवून बघ. दिव्यांचंही तसंच. छताच्या मधोमध तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन वायरी लोंबत असतील, बाकी काही नाही. पहिल्या रात्रीसाठी एक टेबललॅम्प घेऊनच जा. त्या वायरींना स्वतः हात लावू नकोस, जाणकाराला बोलाव.

पैशांचं सांगते. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा हे सगळं धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा दोन्हींत नसतं. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. पहिला हप्ता करार सुरू होताना, उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. तुझ्यासारख्या नुकत्या पगारावर आलेल्या मुलीला हे माहीत असणं फार गरजेचं आहे. मी एका मुलाला सगळी अनामत एकदम भरण्यासाठी गावाकडून कर्ज काढताना पाहिलंय, आणि ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

वार्ममीटेतला वरखर्च हा अंदाज असतो. वर्ष संपलं की मालक हिशोब करतात आणि तो पाठवायला त्यांना बारा महिन्यांची मुदत असते. म्हणजे या हिवाळ्यात तू हीटर जास्त चालवलास तर त्याचं बिल पुढच्या वर्षी कधीतरी येईल, तेव्हा तू विसरूनही गेली असशील. म्हणून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत जा. विजेचा करार तू केला नाहीस तरी वीज चालू असते, कारण भागातली ठरलेली कंपनी आपोआप पुरवठा करते. पण तो दर बहुधा महाग पडतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यात दुसरा करार बघून ठेव. नोंदणी झाल्यावर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ यूरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते. ती घरामागे एक असते, माणसामागे नाही.

राहायला गेलीस की १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी. वसतिगृहाचा पत्ता नोंदलाय म्हणून गाफील राहू नकोस, घर बदललं की पुन्हा करायची. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, मालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. किल्ल्या घेतानाच त्यावर सही घे. ही नोंदणी जिथे होते त्या ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाची, वेळ मिळायला दिवस जातात, तेव्हा ती आजच ऑनलाइन घेऊन टाक. तिथे गेलीस की तुझ्या निवास परवान्याच्या कार्डावरचा पत्ताही बदलायला सांग.

आणि पहिल्याच दिवशी, सामान सोडण्याआधी, घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव लाव. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, टपालवाला फक्त नाव बघतो. नाव दिसलं नाही की पत्र परत जातं, मग ते बँकेचं कार्ड असो की परवान्याचं बोलावणं. चिठ्ठी चिकटपट्टीने लावलीस तरी चालेल, स्पेलिंग मात्र पासपोर्टवरचंच ठेव.

आता या घराला तू कसं सांभाळायचंस ते. बुरशीचं मी वर लिहिलं. इथे मालक आणि भाडेकरू यांच्यातले कितीतरी वाद तिच्यावरूनच होतात, आणि आपल्या स्वयंपाकामुळे ती आपल्या घरात लवकर येते. कुकरची वाफ, उकळणारी आमटी, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी हवेत जातं. बाहेर शून्य अंश आणि खिडक्या घट्ट बंद, मग ते पाणी सर्वांत थंड भिंत शोधून तिच्यावर बसतं. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ दिसली तर समज की घराला श्वास हवाय. आपली सवय अशी की थंडी वाजते म्हणून खिडकी उघडायचीच नाही, नाहीतर दिवसभर जराशी तिरकी ठेवायची. दोन्ही चूक. तिरक्या खिडकीने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. त्याऐवजी हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर फार चांगलं, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. मग बंद करून हीटर पुन्हा चालू. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि जर्मन माणूस ते दात घासावेत तितक्या नेमाने करतो. अंघोळ झाली की न्हाणीघराचं आतलं दार लावून खिडकी उघड, म्हणजे वाफ घरात शिरणार नाही. खिडकी नसेल तर पंखा चालू ठेव. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, चार बोटं जागा सोड. दहा-बारा यूरोला आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते घे आणि आकडा साठच्या वर राहू देऊ नकोस. हीटरच्या चकतीवर ३ म्हणजे साधारण वीस अंश. पाचवर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लाव आणि खिडकी उघड. धुराचा अलार्म पॅसेजमध्ये असतो, मिरचीच्या ठसक्याने तो ओरडायला लागला तर सगळी इमारत जिन्यात येईल. वासाबद्दल कुणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस आणि फोडणी सोडूही नकोस.

आपण श्वाबी मुलुखात राहतो, तेव्हा केअरवोखे असेल. तुझ्या दाराच्या मुठीला एक पाटी टांगलेली दिसेल. ती ज्याच्या दाराला, त्या घराची त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी. काम झालं की रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दाराला अडकवायची. पहिल्या पाळीला जिना मनापासून पूस. शेजारच्या आजी दाराच्या भिंगातून बघतात, आणि एकदा तू त्यांच्या मनात बसलीस की पार्सलं घेऊन ठेवणारं, आजारपणात सूप आणून देणारं माणूस तुला मिळालं. गेल्या गेल्या सगळ्यांच्या घंट्या वाजवून नाव सांग. तुला रात्रपाळ्या असतात, तू सकाळी झोपतेस, हेही सांगून ठेव. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस आवाज नाही. मिक्सरमधलं इडलीचं पीठ शनिवारीच वाटून ठेव.

दार बाहेरून नुसतं ओढलं की बंद होतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही, बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठच नसते. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात ठेव. दुसरी किल्ली माझ्याकडे दे. रात्री-अपरात्री कुलूपवाल्याला बोलावलं तर तो शेकडो यूरो मागू शकतो. हाफ्टफ्लिष्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, तो काढताना त्यात हरवलेल्या किल्ल्या येतात का ते वाच. एक किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलायची वेळ येऊ शकते.

घर कधी सोडायचं झालं तर तीन महिने आधी, कागदावर, शाईच्या सहीने कळवायचं. ईमेल ग्राह्य धरत नाहीत. मालकांशी काही बिनसलं तर एकटी पत्रं लिहीत बसू नकोस. शहरात भाडेकरूंची संघटना आहे, वर्गणी भरून सभासद झालीस की त्यांचे वकील कागद वाचून सल्ला देतात. मी ते पहिल्या घराच्या वेळी केलं नाही.

३१ तारखेला मी सुट्टी घेतली आहे. कोऱ्या प्रोटोकॉलच्या दोन प्रती छापून आणते, टॉर्च आणि टेबललॅम्पही. तू फक्त करार, पासपोर्ट आणि पूर्ण चार्ज केलेला फोन घेऊन ये. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तूच. रात्रीचं जेवण माझ्याकडून डब्यात येईल, तेव्हा त्या दिवशी शेगडीची चिंता नको.

तुझी,
मावशी