हेक्टरी किती घरे, पण कोणत्या हेक्टरवर?

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या पुनर्विकासाचे दोन आराखडे आले आहेत. जमीन तीच, चार हेक्टर. ‘अ’मध्ये घनता हेक्टरी २७० घरे, ‘ब’मध्ये ४००. ‘ब’मध्ये गर्दी होणार असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

आधी भागाकार कशाने केला ते पाहा. संपूर्ण जमिनीने भागले की ढोबळ घनता निघते. रस्ते, बाग, शाळा, दुकाने वगळून फक्त निवासी भूखंडांनी भागले की निव्वळ घनता. आराखड्यात बहुधा नुसते ‘घनता’ एवढेच छापलेले असते, आणि फसगत तिथेच होते.

एकूण घरांचा आकडा आणि जमीन-वापराचा तक्ता मागून घ्या. समजा ‘अ’मध्ये १,०८० घरे आहेत, त्यांना चारने भागले की २७०. ‘ब’मध्ये ९६० घरे आणि निवासी भूखंड २.४ हेक्टर, म्हणून ४००. ‘ब’चा भागाकार चारने केला तर २४० येतात. म्हणजे घरे ‘ब’मध्येच कमी आहेत! उलट ‘अ’चे निवासी भूखंड तीन हेक्टर असतील तर त्याची निव्वळ घनता ३६०. दोन्ही आराखड्यांचे दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय मत बनवू नका.

गर्दी खरी जाणवते ती माणशी मोकळ्या जागेत. घरटी चार माणसे धरा. ‘अ’मध्ये ४,३२० रहिवासी आणि बाग ०.२ हेक्टर, म्हणजे माणशी अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी. ‘ब’मध्ये ३,८४० रहिवासी आणि बाग ०.५ हेक्टर, माणशी १.३ चौरस मीटर. आमच्या मते सभेत पहिल्यांदा हाच आकडा मांडावा.

मात्र ‘मोकळी जागा’ म्हणून काय मोजले आहे ते नकाशावर बोट ठेवून विचारा. इमारतीभोवती सोडलेली सामासिक जागा, रस्त्याकडेची हिरवी पट्टी, अग्निशमन गाडीचा मार्ग आणि पोडियमवरची (इमारतीच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यांच्या छतावरची) बाग यांची बेरीज करून आकडा फुगवला जातो. पोडियमवर मातीचा थर मर्यादित असतो. मोठी झाडे तिथे नीट वाढत नाहीत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. या बागेची नोंद वेगळ्या रकान्यात हवी.

प्रश्न : दोन्हीकडे एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम) २ आहे. मग घरांची संख्या वेगळी कशी?

एफएसआय बांधकामाचे क्षेत्रफळ सांगतो, घरे किंवा माणसे मोजत नाही. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एफएसआय २ असेल तर बांधकाम २०,००० चौरस मीटर. दर घरामागे ५० चौरस मीटर बांधकाम धरले तर ४०० घरे बसतात, ८० धरले तर २५०. पाणी, सांडपाणी, लिफ्ट, पार्किंग यांवरचा ताण घरे आणि माणसे यांवरून ठरतो. शिवाय जिने, लिफ्ट, पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये धरलेत की वगळलेत हे दोन्हीकडे तपासा. वगळले असतील तर प्रत्यक्ष इमारत कागदापेक्षा बरीच जाडजूड निघते.

प्रश्न : उंच टॉवर बांधले की जमीन मोकळी राहते ना?

राहते, पण सगळी वापरता येतेच असे नाही. जमिनीचा निम्मा भाग व्यापणारे चार मजले आणि दहा टक्के व्यापणारे वीस मजले, दोन्हींचा एफएसआय २च. टॉवर उंचावला की दोन इमारतींमधले अंतर वाढवावे लागते आणि त्यातली बरीच जमीन सावलीत, रॅम्पखाली, गाड्यांच्या वळणांत जाते. केंब्रिज विद्यापीठात वास्तुरचनेचे अभ्यासक लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६०च्या दशकात आकडेमोडीने दाखवले की कडेने बांधून मध्ये अंगण ठेवले तर तेवढेच बांधकाम पुष्कळ कमी उंचीत बसते. म्हणून उंचीवरून घनता ठरवू नका. मध्यम उंचीचा तिसरा पर्याय वास्तुविशारदाकडून जरूर मागा.

प्रश्न : आणखी काय तपासावे?

टप्पे. अंतिम आकडे चांगले असूनही बाग आणि शाळा शेवटच्या टप्प्यात ढकललेली असतात. पहिल्या टप्प्यात ६० टक्के घरे भरली आणि पुढचे काम रखडले, तर वर्षानुवर्षे कागदावरच्या बागेवर भागवावे लागते. प्रत्येक टप्पा संपताना किती घरे आणि किती मोकळी जमीन प्रत्यक्ष ताब्यात येणार, याचा वेगळा तक्ता मागा आणि तो करारनाम्याला जोडून घ्या.