थायरॉईड गळ्यात, मग कोलेस्टेरॉल कसं वाढलं?

तुम्ही लिहिलंय की टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन; थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) १८ आलं, कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी न देता फक्त थायरॉईडची सुरू केली. ही टाळाटाळ तर नाही ना, असं विचारताय. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षं ही गोळी घेतेय. पण माझ्या मते तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय.

थायरॉईड ग्रंथीची हार्मोन्स दोन, टी-४ आणि टी-३. ग्रंथीतून बाहेर पडतं ते मुख्यतः टी-४. खरं काम करतं टी-३. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्नायू असे अवयव टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढून टाकतात आणि त्याचं टी-३ बनतं. ते पेशीच्या केंद्रकात शिरून रिसेप्टरला (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि कुठली प्रथिनं जास्त बनवायची, कुठली कमी, हे ठरवतं. या रिसेप्टरचे दोन मुख्य प्रकार आहेत. हृदयात प्रामुख्याने अल्फा, यकृतात बीटा. म्हणून हार्मोन एकच असलं तरी प्रत्येक अवयवाची तक्रार वेगळी.

आता तुमचं कोलेस्टेरॉल. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे वेगळे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. थायरॉईड हार्मोन कमी पडलं की तेही कमी बनतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. शिवाय थायरॉईड कमी असताना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, घेतलं तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आधी थायरॉईड, हा क्रम योग्यच आहे. (यकृतातल्या वर सांगितलेल्या बीटा रिसेप्टरवर काम करणारं रेसमेटिरोम नावाचं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारासाठी मंजूर झालं. मला हे वाचून फार आनंद झाला होता.)

माझं निदान झालं ते टाचेवरून. पायात गोळे येतात म्हणून गेले होते. डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं मागे मोकळी लोंबत ठेवली आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परतताना सावकाश, पाण्यातून आल्यासारखं आलं. त्यांनी तीनदा मारून पाहिलं आणि म्हणाले, "टीएसएच करून या." स्नायू आकसल्यावर सैल व्हायचा तर आतलं कॅल्शियम पंपाने पुन्हा साठवणीत ओढावं लागतं. हार्मोन कमी असलं की तो पंप मंदावतो. हृदयाच्या स्नायूतही असाच पंप असतो, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयही नीट सैल होत नाही. नाडी मंद होते, रक्तवाहिन्या आकसून खालचं बीपी वाढू शकतं.

हार्मोन जास्त झालं की उलट. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, जुलाब. उतारवयात याची खरी भीती वाटावी, कारण हृदयाचे ठोके अनियमित होऊन आत गुठळी धरू शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हाडंही ठिसूळ होतात. त्यामुळे थकवा जात नाही म्हणून गोळीचा डोस स्वतःच वाढवू नका, ही कळकळीची विनंती.

बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव हे बहुतेकांना ठाऊक असतं. गरोदरपणाबद्दल मात्र सांगायलाच हवं. पहिल्या काही महिन्यांत बाळाची ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नाही, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. घरात कुणी ही गोळी घेत असेल आणि दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवावं, डोस बहुधा वाढवावा लागतो.

तुमच्यासाठी एवढंच: गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. टी-४ शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, म्हणून पंधरा दिवसांत तपासणी करून घाबरू नका. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. ते जागेवर आलं की कोलेस्टेरॉल पुन्हा तपासायचं, आणि तरीही वाढलेलंच असेल तर त्याची गोळी तेव्हा हक्काने विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून दोन दिवस थांबवा, नाहीतर टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं.