कोल्हापुरात खून खरंच वाढलेत का? एखाद्या भागाचे आकडे कसे वाचायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलीला शिवाजी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, पेपरात कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या खुनाच्या बातम्या सारख्या दिसतात, पोलीस मात्र गुन्हे घटल्याचं सांगतात. मग खरं काय मानायचं? बहुतेक वेळा दोन्ही खरं असतं. एका खुनाची बातमी निदान पाच वेळा येते : घटना, अटक, पोलीस कोठडी, दोषारोपपत्र, निकाल. पोलिसांच्या रजिस्टरला तो एकच गुन्हा असतो. शिवाय एकाच घटनेत तिघे मारले गेले तरी फिर्याद एक, म्हणून गुन्हा एक. कुठलाही तक्ता हातात आला की तो गुन्हे मोजतोय की मयत व्यक्ती, हे आधी बघा.

त्यानंतर वर्ष बघा. गुन्हा घडला त्या वर्षात नव्हे, नोंद झाला त्या वर्षात तो मोजला जातो. डिसेंबरात पंचगंगेत मृतदेह सापडला तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, ज्याला ठाण्यात ‘एडी’ म्हणतात. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं की खुनाचा गुन्हा दाखल होतो आणि तो पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढतो. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला महिनोन्महिने लागू शकतात. कलमवाढीचंही तसंच. एडक्याचा, म्हणजे कोयत्यासारख्या हत्याराचा, वार बसलेला माणूस सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात दाखल होतो तेव्हा गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा असतो. पंधरा दिवसांनी तो दगावला की कलम बदलतं. जानेवारीत जाहीर होणारे वार्षिक आकडे त्यामुळं कच्चे समजावेत. आणि सीपीआरमध्ये मृत्यू झाला म्हणून खून शहराच्या नावावर जात नाही. गुन्हा शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्दीबाहेरच्या ठाण्यात, नोंदला गेला, तरी जिथं घटना घडली त्या ठाण्याकडं वर्ग होतो.

कलमांचा गोंधळ सध्या सगळ्यात जास्त फसवतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस) लागू झाली. खुनाचं भादंवि ३०२ आता बीएनएस १०३ झालं, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९ झाला, सदोष मनुष्यवध ३०४ चा १०५ आणि हुंडाबळी ३०४-ब चा ८०. जुने आकडे मात्र रिकामे राहिलेले नाहीत. नव्या कायद्यात ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं आणि ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, आपण ज्याला चेन स्नॅचिंग म्हणतो ते. सवयीनं यादीत ‘३०२’ शोधून मोजणी केली तर खून सुटतात आणि भलतेच गुन्हे मोजले जातात. त्यातच १ जुलैच्या आधी घडलेला गुन्हा नंतर नोंदला गेला तरी त्याला जुनंच कलम लागतं. २०२४ आणि त्यानंतरच्या वर्षांसाठी ३०२ भादंवि आणि १०३ बीएनएस यांची बेरीज करावीच लागते. हुंडाबळी खुनाच्या आकड्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवा. घराघरातल्या बायकांचे मृत्यू त्या वेगळ्या रकान्यात असतात आणि तो रकाना न बघता काढलेला निष्कर्ष अर्धाच असतो.

आता दर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, लाख लोकसंख्येमागं दर देतो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंद झाले, दर २.१ होता. महाराष्ट्रात २,२९५ गुन्हे, दर १.८. कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ३८,७६,००१. राज्याचा दर लावला तर जिल्ह्यात वर्षाला साधारण ७० गुन्हे निघतात, देशाचा लावला तर ८१. जिल्ह्याचा खरा आकडा हातात आला की या दोन अंकांशी ताडून बघा, तो कुठं बसतो ते लगेच कळतं. फक्त जनगणना जुनी झालीय आणि लोकसंख्या वाढलीय, त्यामुळं २०११ ची संख्या भागाकाराला घेतली की तुमचा दर थोडा फुगून येतो.

जिल्ह्यापर्यंत दराला अर्थ आहे. त्याखाली उतरलं की तो घसरतो. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या साधारण ३६ हजार. तिथं वर्षात एक खून झाला की दर २.८, म्हणजे देशापेक्षा जास्त. दोन झाले तर ५.६. एकही झाला नाही तर शून्य. तालुका तोच, माणसं तीच. छोट्या भागासाठी दर काढूच नका, सरळ संख्या घ्या आणि तीही पाच-सात वर्षांची. चढउतार पारखायला एक ढोबळ हिशोब पुरतो : सरासरीचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा आणि तेवढं सरासरीच्या खाली-वर धरा. समजा एखाद्या ठाण्याच्या हद्दीत वर्षाला सरासरी ४ खून होतात. वर्गमूळ २, दुप्पट ४. पुढच्या वर्षी ० ते ८ मधला कुठलाही आकडा निव्वळ योगायोगानं येऊ शकतो. चाराचे सात झाले की ‘खुनांत ७५ टक्के वाढ’ असा मथळा येतो. त्या एका वर्षावरून वाढ सिद्ध होत नाही. सरासरी ६४ असलेल्या जिल्ह्यात हाच पल्ला ४८ ते ८० येतो. सलग तीन वर्षं आकडा पल्ल्याच्या वरच्या टोकाला राहिला, तर मात्र काळजीचं कारण आहे आणि तिथं लोकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत.

हद्दीचाही विचार करा. उचगाव, पाचगाव ही गावं बोलताना आपण कोल्हापुरातच धरतो, पण वर्षानुवर्षं ती महापालिकेबाहेर मोजली गेली. जुना राजवाडा ठाण्याच्या हद्दीत अंबाबाईचं मंदिर येतं. नवरात्रात तिथं येणारी गर्दी लाखांत असते, आणि तिथल्या मारामाऱ्या त्या पेठांत राहणाऱ्या लोकसंख्येनं भागल्या तर उत्तर निरर्थक येणार.

‘एकूण गुन्हे’ किंवा ‘हिंसक गुन्हे’ अशा गोळाबेरजेवर मी विसंबणार नाही. २०२० मध्ये देशात एकूण गुन्हे वाढलेले दिसतात, त्याचं मोठं कारण लॉकडाऊन मोडल्याबद्दल लावलेलं कलम १८८. अपहरणाचा आकडा असाच मोठा दिसतो, कारण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, मग ते रुसून मामाच्या गावाला गेलेलं का असेना. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर एनसीआरबी त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढाच मोजतो. आणि २०२० हे पायाचं वर्ष धरून नंतरची मारहाण ‘वाढली’ म्हणणं चूक आहे, कारण लॉकडाऊनमुळं त्या वर्षी लोक घरातच होते. तुलनेला २०१८-१९ घ्या.

या सगळ्यात खुनाचाच आकडा जास्त भरवशाचा, कारण मृतदेह लपवणं अवघड असतं. बाकी हिंसेचा आकडा फिर्याद घेतली जाते की नाही यावर अवलंबून असतो. हाताबुक्क्यांची मारहाण, बीएनएस ११५(२), अदखलपात्र आहे. ती ‘एनसी’ होऊन वेगळ्या वहीत राहते. हत्यारानं दुखापत असेल तर ११८(१), गंभीर असेल तर ११८(२), आणि हेतू जिवे मारण्याचा वाटला तर १०९. हे कलम लावणं बरंचसं ठाणे अंमलदाराच्या हातात असतं. म्हणून मी नेहमी खून आणि खुनाचा प्रयत्न शेजारी ठेवून बघतो. खून तेवढेच आणि प्रयत्न दुप्पट झाले असतील, तर आधी शंका घ्यावी की नोंदणीची पद्धत बदलली. दोन्ही सोबत चढले तर हिंसा खरोखर वाढलीय असं मानायला जागा आहे. बायकांच्या तक्रारी वाढल्या तर ते कित्येकदा ठाण्याची पायरी चढण्याचं धाडस वाढल्याचं लक्षण असतं.

ठाणेनिहाय आकडे मिळवायचा सरळ मार्ग माहितीचा अधिकार. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. वर्षं, ठाण्यांची नावं आणि कलमं (जुनी-नवी दोन्ही) लिहून प्रत्येकाखाली नोंद गुन्हे, मयतांची संख्या आणि खुनात वर्ग झालेल्या एडी विचारा. ‘का वाढले’ असं विचारू नका, कारण फक्त रेकॉर्डवर असलेलीच माहिती मिळते. तपासाला बाधा येते म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर निव्वळ संख्येनं तपासाला बाधा येत नाही असं लिहून ३० दिवसांत प्रथम अपील करा. ताज्या घटनांसाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेल्या फिर्यादी जिल्हा आणि ठाणं निवडून वाचता येतात. मात्र लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील फिर्यादी तिथं टाकत नाहीत, म्हणून त्या यादीवरून मुलींच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधू नका.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर खुनाचा आकडा हा कामाचा निकषच नाही. २०२२ च्या देशभरातल्या खुनांत ९,९६२ वादातून आणि ३,७६१ वैयक्तिक वैरातून झाले, म्हणजे जवळपास निम्मे. आर्थिक लाभासाठी झालेले १,८८४, सात टक्क्यांहून कमी. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी विद्यार्थिनीशी यातल्या बहुतेकांचा संबंध येत नाही. तिच्यासाठी खोली बघाल तेव्हा ती कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते विचारा आणि त्या ठाण्याचे विनयभंग (बीएनएस ७४), पाठलाग (७८) आणि हिसकावणं (३०४) यांचे तीन-चार वर्षांचे आकडे मागवा. विनयभंग-पाठलागाचे आकडे अगदी शून्य असतील तर जास्त सावध व्हा, कारण तिथं तक्रार घेतात का हाच प्रश्न असतो. आणि संध्याकाळी सात-साडेसातला स्वतः तो रस्ता स्टॉपपासून खोलीपर्यंत चालून बघा, दिवे कुठंवर आहेत आणि दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात ते.